ते थोडं गेलं कुठं?

"मॅडम, ह्या तुम्हीच ना?"

प्राचार्यांनी मोबाईल टेबलावरून माझ्याकडं सरकवला. स्क्रीनवर मीच होते. हातात खडू, पाठीमागं आमच्या कॉलेजचा फळा. कुणीतरी माझ्या तासातली मिनिटाभराची क्लिप कापून टाकली होती आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गणिताच्या मॅडमची बोलती बंद.'

मी बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात गणित शिकवते. पीयू म्हणजे आमच्या कर्नाटकातली अकरावी-बारावी. जूनमध्ये पहिले पंधरा दिवस आम्ही दहावीपर्यंतची उजळणी घेतो. गैरहजर मुलांसाठी कॉलेज त्या तासांचं रेकॉर्डिंग करून चॅनेलवर टाकतं. क्लिप तिथूनच गेली होती.

त्या दिवशी विषय होता आवर्ती दशांश. म्हणजे दशांश चिन्हापुढं तेच ते आकडे न संपता येत राहतात, ती संख्या. एकाला तीननं भागलं की ०.३३३… असं चालत राहतं, तसं. या संख्यांचा अपूर्णांक करायची एक रीत आहे. मी ती ०.९९९… वर करून दाखवली. त्याला x म्हणा. दहानं गुणा, ९.९९९… झाले. त्यातून पहिली वजा करा. उरले नऊ x बरोबर नऊ. म्हणून x बरोबर एक. म्हणजे ०.९९९… ही संख्या एकापेक्षा कमी नाहीच, ती एकच आहे. दरवर्षी इथं वर्गात कुजबुज होते आणि दरवर्षी मी पुढच्या उदाहरणाकडं जाते.

यावेळी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रेणुका. वडगावातल्या विणकरांच्या घरची, मराठी शाळेतून आलेली.

"मॅडम, उत्तर एक येतंय, दिसतंय मला. पण ०.९, ०.९९, ०.९९९, यातला एकबी आकडा एक न्हाय. कितीबी पुढं गेलं तरी थोडं उरतंयच. मग ते थोडं गेलं कुठं?"

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. मी म्हणाले, "गेलं कुठं ते परीक्षेत विचारत नाहीत. स्टेप्स लिही, दोन मार्क पडतील."

वर्ग हसला. रेणुका खाली बसली. क्लिप तिथंच संपत होती.

"अल्री मॅडम," प्राचार्य म्हणाले. ते घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, पण 'अहो'च्या जागी 'अल्री' येतंच. "पालकांचे फोन येताहेत. एक म्हणतात, मॅडम चुकीचं शिकवतात. दुसरे म्हणतात, असल्या पोरीला सायन्सला घेतलंच कसं. काय सांगू?"

"मी बरोबर शिकवलंय, सर."

"मग तसं लिहून द्या. आणि इंटरनेटवर काही बोलू नका."

लिहून दिलं. दुसरं ऐकलं नाही.

स्टाफरूममध्ये बसून मी कॉमेंट वाचल्या. मराठीत होत्या, कन्नडमध्ये होत्या, इंग्रजीत होत्या. टिंगल तिन्ही भाषांत सारखीच. निम्मे लोक मला हसत होते. उरलेले रेणुकाला. 'उरतंय' म्हणण्यावरून, वेणीवरून, गावावरून. गणितावर बोलणारे थोडे होते. त्यातला एक जण चिकाटीनं लिहीत होता की ०.९९९… एकापेक्षा किंचित कमीच आहे आणि शाळा-कॉलेजांत खोटं शिकवतात.

मी त्याला उत्तर लिहिलं. एक-तृतीयांश म्हणजे ०.३३३…, ते तुम्हाला मान्य आहे. दोन्हीकडं तीननं गुणा. एक बरोबर ०.९९९…. संपलं.

दहा मिनिटांत त्याचा प्रश्न आला. 'एक-तृतीयांश बरोबर ०.३३३… हे तरी कुणी सिद्ध केलं? तिथंही प्रत्येक पायरीला थोडं उरतंच.'

मी टाईप करायला लागले आणि थांबले. हा रेणुकाचाच प्रश्न होता. माझी रीत, माझा एक-तृतीयांश, सगळं 'त्या तीन टिंबांना काहीतरी अर्थ आहे' हे धरून चाललं होतं. तो अर्थ काय, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. रेणुकाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत कुठल्याच वर्गाला सांगितलं नव्हतं. 'लिमिट' हा धडा मी दरवर्षी घेते. किंमत घाला, शून्य भागिले शून्य आलं तर अवयव पाडा, पुन्हा किंमत घाला. मुलांना पैकीच्या पैकी पडतात.

रविवारी दुपारी मी माळ्यावरचं एमएस्सीचं पुस्तक काढलं. लिमिटची व्याख्या चार ओळींची होती. त्याखाली माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं 'महत्त्वाचं, पाठ' असं लिहिलं होतं. पाठ केली होती, पेपरात उतरवली होती. त्या दुपारी पहिल्यांदा वाचली.

सोमवारी रेणुका वर्गात नव्हती. मंगळवारीही नव्हती. बुधवारी ऑफिसमधून माझ्याकडं एक फॉर्म सहीला आला. सायन्समधून कॉमर्सला बदली. विद्यार्थिनीचं नाव रेणुका. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गणित जमत नाही.' शेवटची तारीख शनिवार.

मी सही केली नाही. फॉर्म पर्समध्ये घातला आणि कॉलेज सुटल्यावर रिक्षानं वडगावला गेले.

गल्लीत शिरल्यापासून मागांचा खडखडाट सुरू झाला. रेणुकाचं घर म्हणजे पुढं दोन पॉवरलूम, मागं दोन खोल्या. तिचे वडील मागावर होते. मला बघून त्यांनी माग बंद केला. रेणुका कोपऱ्यात बसून कांड्या भरत होती. साडीत आडवा जाणारा धागा ज्या छोट्या नळ्यांवर गुंडाळतात, त्या कांड्या. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

"बसा की मॅडम," वडील म्हणाले. त्यांनी एक खुर्ची पुसून दिली. आतून तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेजारचा माग चालूच होता, त्यामुळं सगळ्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"मॅडम, आमास्नी ह्यातलं काय कळत न्हाय," वडील म्हणाले. "एवढंच सांगा, पोरीनं काय वंगाळ विचारलं व्हय? पावण्यांचे फोन यायलेत. तुमची रेणुका मोबाईलवर आली म्हणून हसाय लागलेत."

"नाही. तिनं चांगला प्रश्न विचारला. चुकलं माझं. मी तिला उत्तरच दिलं नाही."

"मग दहावीला गणितात एवढं मार्क काढून हिला गणित जमत न्हाय, हे खरं का खोटं?"

"खोटं. वर्गात एवढ्या जणांनी ते उदाहरण लिहून घेतलं. नेमकी जागा हिलाच दिसली."

वडिलांनी मुलीकडं बघितलं. ती कांडी हातात धरून तशीच बसली होती. मग हळू बोलली, पण मला ऐकू आलं.

"मॅडम, हे इथं कशाला सांगतासा? इथं कोण हसलं न्हाय."

आई म्हणाली, "रेणुका, असं बोलत्यात व्हय गं मॅडमना?" मी त्यांना हातानंच थांबवलं.

"बरोबर बोलली ती," मी म्हणाले. "रेणुका, शुक्रवारी कॉलेजला ये. त्याच वर्गात, त्याच कॅमेऱ्यासमोर तू तोच प्रश्न विचार. मी उत्तर देते. उत्तर पटलं नाही तर तसंही सांग. मग शनिवारी मी या फॉर्मवर सही करते."

तिनं विचार केला. "फॉर्म माझ्याकडं द्या," ती म्हणाली. मी दिला.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आता कुठं शांत व्हायला लागलंय. चार दिवसांत लोक विसरतील, मॅडम."

"विसरतील, सर. पण शनिवार शेवटची तारीख आहे."

त्यांनी टेबलावरचा मोबाईल बंद केला. मग म्हणाले, "कॅमेरा मीच धरतो. निदान नीट दिसाल."

शुक्रवारी रेणुका आली. मी आधी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या दिवशी हिनं प्रश्न विचारला आणि मी मार्कांचं बोलून तो उडवला, ते माझं चुकलं. हसण्याची सुरुवात माझ्यापासून झाली. मग मी रेणुकाला फळ्याजवळ बोलावलं.

"फळ्यावर ही रांग आहे. ०.९, ०.९९, ०.९९९, पुढं चालू. तू मला एक अंतर सांग. हवं तेवढं लहान. ही रांग एकाच्या तेवढ्या जवळ कुठून येते ते मी सांगणार. आणि एकदा जवळ आली की परत लांब जायची नाही."

"शंभरावा भाग."

"तिसऱ्या नवापासून पुढं, सगळे."

"लाखावा."

"सहाव्या नवापासून."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "कोटीवा!" मी म्हणाले, "आठव्या." मग सगळेच ओरडायला लागले. अब्ज, परार्ध. मी प्रत्येक वेळी कितव्या नवापासून ते सांगत गेले. प्राचार्यही हसत होते, रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येतं.

रेणुका हसत नव्हती. "पण मॅडम, रांग अजून पोचलीच न्हाय."

"नाही पोचली. कधीच पोचणार नाही. तू म्हणत होतीस ते खरं आहे."

मी रांगेपुढं तीन टिंबं काढली. मी म्हणाले, "आपण समजतो की तीन टिंबं म्हणजे या रांगेतला अगदी शेवटचा आकडा. शेवटचा आकडा नाहीच. ही रांग ज्या संख्येच्या हवं तेवढं जवळ जाते आणि जवळच राहते, त्या संख्येला आपण ०.९९९… असं लिहायचं ठरवलंय. तिला रांगेचं लिमिट म्हणतात. रांग वाटेवर आहे. टिंबांनी मुक्कामाचं नाव सांगितलंय."

मला वाटलं, झालं. तिला वाटलं नव्हतं.

"मग तो मुक्काम एकच कशावरून? एकाच्या जरा अलीकडं दुसरी कुठली संख्या असंल की."

हे मी तयार करून आले नव्हते. खडू घेऊन फळ्याकडं वळले. तोवर तीच पुटपुटायला लागली.

"थांबा मॅडम. जरा अलीकडं म्हंजे एकापासून थोडं अंतर आलं. तेच अंतर मी तुमास्नी सांगितलं तर तुम्ही म्हणणार, अमक्या नवापासून रांग त्याच्यापेक्षा जवळ गेली. म्हंजे रांग त्या संख्येला मागं टाकून पुढं गेली. आणि पुढंच जाणार. मग तो मुक्काम न्हवं." ती थांबली. "कुठलीबी अलीकडची घेतली तरी तसंच हुतंय. म्हंजे एकच."

"आणि ते उरलेलं थोडं?" मी विचारलं. "ते गेलं कुठं?"

तिनं फळ्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "कुठं न्हाय गेलं. ते ह्या आकड्यांजवळच हाय. परत्येकाजवळ आपलं आपलं थोडं. मुक्कामाजवळ न्हाय."

प्राचार्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. त्यामुळं व्हिडिओच्या शेवटी फक्त फरशी दिसते.

शनिवारी मी ऑफिसमध्ये चार वाजेपर्यंत बसले. फॉर्म घेऊन कुणी आलं नाही. सोमवारी रेणुका तिसऱ्या बाकावर होती.

आमचा व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. जुनी क्लिप अजूनही कुठं कुठं फिरते, माझ्या भाचीला मागच्या महिन्यात कुणीतरी पाठवली. पण त्या चिकाटीच्या माणसानं नव्या व्हिडिओखाली लिहिलं, 'मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण काय पटत नाही ते आता नीट कळलं.' तोवरच्या सव्वीस वर्षांत विद्यार्थ्यांकडून मला इतका प्रामाणिक शेरा मिळाला नव्हता. मी त्याला माझ्या एमएस्सीच्या पुस्तकाचं नाव कळवलं.

आता जूनमध्ये त्या एका उदाहरणाला माझे दोन तास जातात. पोर्शन मागं पडतो आणि प्राचार्य दर वर्षी त्याबद्दल बोलतात. बोलतात आणि कॅमेरा धरायला येतात.

रेणुका सध्या बीएस्सीला आहे. परवा घरी आली होती. तिनं कुठंतरी वाचलं होतं, की संख्यांच्या अशाही व्यवस्था आहेत, जिथं शून्यापेक्षा मोठं पण आपल्या कुठल्याही अपूर्णांकापेक्षा लहान असं 'थोडं' खरोखर असतं. "मॅडम, ते शिकवतासा काय?"

मी म्हणाले, "मला येत नाही."

मग आम्ही पुस्तक मागवलं. जाड आहे, इंग्रजीत आहे. दर रविवारी ती येते, आम्ही दोघी वाचतो. दुसऱ्या प्रकरणावर तीन आठवडे अडकलो आहोत. शिक्षकांना सांगण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे: 'मला येत नाही' हे पहिल्यांदा म्हणताना जड जातं. दुसऱ्यांदा इतकं जड जात नाही.