बाईंनी अर्धीच ठेवलेली वाक्यं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. त्यांचं माहेर कुठलं, त्या एकट्या का राहत, यातलं मला काहीच ठाऊक नाही. छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर बिल्डिंगमधले सगळे आपापलं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांच्याकडे नेत, एवढंच माहीत. अर्धवट वाक्याला शेपूट जोडून, वाकडं सरळ करून, चहा गार व्हायच्या आत त्या कागद परत देत.

माझ्या धाकटीला प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता. सोबत, हेच काम का करायचंय, ते इंग्रजीत एक पान. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. मी पान घेऊन खाली गेलो. बाईंनी पाच-सहा ठिकाणी पेन्सिलीने रेघा मारल्या आणि ते मला परत दिलं.

"ही वाक्यं मधेच तुटलीत. पोरीला पाठवा."

"तुम्हीच पूर्ण करा की. तुमच्या डाव्या हातचा मळ."

"तिला काय म्हणायचंय ते मला काय माहीत?"

मी चक्रावलो. इतरांचं बरं माहीत असायचं. घरी येऊन बायकोला विचारलं, नळाच्या पाण्यावरून काही बोललीस का त्यांना?

"मी कशाला बोलू? परवाच तर लिंबं देऊन आले."

धाकटी खाली गेली ती तासाभराने फणकारतच वर आली. "नुसतं 'मग? पुढे?' करतात. मी काही बोलले की म्हणतात, हेच लिही."

दुसऱ्या दिवशी जिन्यात वरचा कंपाउंडर भेटला. त्याला सांगितलं तर तो ओशाळं हसला.

"काका, हे माझ्यामुळे असेल. गेल्या वर्षी माझा अर्ज त्यांनी असा झकास केला, की मला मुलाखतीला बोलावलं. तिथे साहेबांनी माझंच वाक्य वाचून विचारलं, म्हणजे नक्की काय हो? माझी दातखीळ बसली. घरी येऊन बाईंना हे हसत हसत सांगितलं. त्या काही हसल्या नाहीत."

म्हणजे आमच्यावर राग नव्हता तर. की होता? मला अजून कळलेलं नाही. मुदत संपत आली तरी त्यांनी एक शब्द घातला नाही. शेवटी धाकटीचीच वाक्यं गेली, आखूड आणि साधी. मला तर ती पहिल्यापेक्षा गरीब वाटली.

मुलाखतीत त्याच पानावरचं विचारलं. तिने सांगितलं. नोकरी लागली.

मी बाईंकडे गेलो खरा, पण आभार मानायचे की नाहीत, तेच ठरत नव्हतं. ती आमची शेवटची भेट; पुढच्याच आठवड्यात त्या कायमच्या भाचीकडे राहायला गेल्या.

"तिचं काम झालं," मी दारातूनच म्हणालो.

"कळलं. सकाळीच सांगून गेली. लांब पडेल का हो तिला?"

"दोन बस बदलाव्या लागतील."

"मग डबा घरूनच द्या."

"हो, सांगतो हिला."