पैंजणाचा आवाज भरला ती दुपार

चांदी तापल्याचा वास आला की हुपरीची ती दुपार आठवते. आमचं घर आईच्या हातांवर चालायचं. व्यापारी चांदी तोलून द्यायचा, आई पैंजणांना घुंगरं जोडायची आणि वजनात कमी भरलं तर काम बंद. मी कॉलेजात होतो, लॅपटॉपवर ड्रम किट बनवायचं वेड लागलं होतं. झांजेच्या जागी पैंजण वाजवायचं म्हणून आईला न विचारता एक तयार जोड माइकसमोर जोरात हलवला आणि आवाज भरून घेतला. तासाभरानं आईनं मोजलं, तर एक घुंगरू कमी. "चोर म्हणतील की रं आपल्याला!" तिनं घुंगरं पुन्हा मोजली. फरशी चाचपून झाली, तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस दारात. "बसा पावणं, च्या टाकते," आई कशीबशी म्हणाली. मी हेडफोन चढवून ती फाइल पुन्हा ऐकली. सळसळीच्या शेवटी बारीक 'टण्ण' होतं, पत्र्यावर पडल्यासारखं. कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा उपडा केला, तर घुंगरू हातात आलं. आईनं आधी ते जोडलं, माल तोलून दिला आणि पावणं गेल्यावर माझ्या पाठीत धपाटा घातला. "आता मला बी ऐकीव," म्हणाली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज कोल्हापुरात माझा स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे.