वेल्ह्याच्या रस्त्यावर पारखलेली गाडी

कात्रजचा बोगदा ओलांडून आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी त्या गाडीवर पुरती भाळले होते, हे आधीच कबूल करते. दिसायला जीपसारखी उंच, बसायला मोटारीसारखी मऊ. अशा गाडीला हल्ली क्रॉसओव्हर म्हणतात. काचेचं छत होतं, बसल्या जागी पाठीला गार वारा मिळत होता आणि समोरचा पडदा आमच्या घरातल्या जुन्या टीव्हीपेक्षा फार लहान नव्हता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायू झालेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा उभं करणं हे माझं काम. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन दिवस भोर आणि वेल्हे भागात पेशंटच्या घरी जायचं ठरलं होतं. माझ्या जुन्या छोट्या गाडीचं पोट तिकडच्या रस्त्यांना घासतं, म्हणून ही खरेदी.

शोरूममधल्या विक्रेत्याने पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं होतं. पाणी देऊन झाल्यावर त्याने विचारलं, "सर कधी येणार आहेत?"

"कोण सर?"

"म्हणजे, गाडी फायनल कोण करणार?"

पैसे मी देणार, चालवणार मी, आणि फायनल करायला सर! त्याला तसं सुनावलं तर तो गोड हसला आणि कागदावर आकडे लिहीत गेला. विमा त्यांच्याकडूनच घ्यायचा. रंगावरचा लेप घ्यायचाच. पायपुसण्यांचा संच "कंपल्सरी आहे मॅडम". जाहिरातीतला भाव आणि कागदाच्या तळाशी आलेला भाव यांच्यामध्ये एक जुनी गाडी आरामात उभी राहिली असती. स्टेपनीचं विचारलं तर म्हणाला, "सगळं दिलेलं असतं मॅडम, काळजीच नको." मी मधलं मॉडेल बुक केलं, पण एका अटीवर. गाडी मी ज्या रस्त्यावर चालवणार आहे, त्या रस्त्यावर दिवसभर चालवून बघणार. आवडली नाही तर बुकिंगचे पैसे परत. त्याने मान डोलावली.

सोबत शोरूमचे ड्रायव्हर आले, बबनराव. (हे त्यांचं खरं नाव नाही. ते का लिहीत नाही हे पुढे कळेल.) वय अठ्ठावन्न, मूळचे भोंगवलीचे, आयुष्यभर स्टेअरिंग धरलेले. कपूरहोळला वळेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

भोरला एसटी स्टँडजवळ पोहे खाल्ले. लिंबू न मागता मिळालं आणि चहा खरोखर कढत होता. हॉटेलवाला बाहेर येऊन गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "भारी हाय. कितीला पडली?" मी आकडा सांगितला. त्याने हात काढून घेतला. मला उगाच अभिमान वाटला.

बबनरावांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "मॅडम, गाडी फिरायला घेताय का कामाला?"

"कामाला. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला दोन पेशंट आहेत. पाऊस असो, काही असो, जावं लागणार."

"एकट्याच?"

"एकटीच."

त्यांनी बशी खाली ठेवली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण उठून पैसे द्यायला गेले. मी त्यांना देऊ दिले नाहीत.

पुन्हा हमरस्त्याला येऊन नसरापूरवरून आत वळलो. सुगीचे दिवस. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं (बांध घातलेली छोटी शेतं) पिवळी झालेली, कुठे कापणी चाललेली, कुठे झोडणी (पेंढ्या आपटून दाणे पाडणं). काच खाली केली की नव्या भाताचा वास आत यायचा. मार्गासनीच्या पुढे डोंगर जवळ आले आणि वेल्ह्यात शिरताना तोरणा डोक्यावरच आला. इथवर रस्ता बरा होता, गाडी त्याहून बरी. पासलीच्या पुढचा चढ लागला तेव्हा मी पाय जरासा दाबला आणि गाडी अशी उचलली गेली की मी मोठ्याने म्हणाले, "वा! हिला ताकद आहे हो."

बबनराव समोर बघत होते. "मॅडम, एक बोलू का? रागवू नका."

"बोला."

"ही ताकद तुमच्या गाडीत न्हाई."

मला कळेचना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. शोरूममध्ये चालवून बघायला ठेवलेली गाडी सगळ्यात वरच्या मॉडेलची. तिचं इंजिन वेगळं, टर्बोचं. मी बुक केलेल्या मॉडेलात साधं इंजिन येतं. "बाहेरनं दोनी सारख्याच दिसत्यात. साधी बी चढती, न्हाई असं न्हाई. पन गाडी भरलेली असली, एसी चालू असला, तर ह्या चढाला लई रडती."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"नोकरी हाय मॅडम. गिऱ्हाइकाशी गाडीबद्दल बोलायचं न्हाई, अशी ताकीद हाय आमास्नी."

पुढच्या वळणावर मोबाईलला रेंज आली. गाडी थांबवून विक्रेत्याला फोन लावला. बबनरावांचं नाव घेतलं नाही, नुसतं विचारलं, की या गाडीचं आणि माझ्या गाडीचं इंजिन एकच का? तो म्हणाला, "मॅडम, फील ऑलमोस्ट सेम आहे."

ऑलमोस्ट! दुकानदाराने बासमती दाखवून रेशनचा तांदूळ पिशवीत भरला आणि वर म्हणाला, पोट तर भरतंच ना, तर आपण त्याला काय म्हणू? मी फोन आपटला. खरं तर तिथेच पाच मिनिटं शांत बसायला हवं होतं. पण मी तशीच तणतणत निघाले. समोरून एसटी आली, तिला वाट द्यायला डावीकडे घेतलं आणि तुटलेल्या डांबराच्या धारदार कडेवर चाक उतरलं. फट् असा आवाज झाला.

उतरून बघितलं, तर पुढच्या टायरच्या कुशीला चार बोटं लांब चीर. चूक माझी होती. "चला, स्टेपनी काढू," मी म्हणाले. बबनराव जागचे हलले नाहीत. मग त्यांनी डिकी उघडली, तळाची फळी उचलली आणि खालचा खण दाखवला. आत एक वीतभर पंप आणि चिकट द्रवाची बाटली.

"चाक?"

"चाक न्हाई येत हिला. ही बाटली येती. खिळा बिळा घुसला तर चालती. कुशीला फाटलं तर उपयोग न्हाई."

या गाडीच्या काचेच्या छताकडे मी शोरूममध्ये दहा मिनिटं मान वर करून बघितलं होतं. डिकीची फळी मात्र उचलली नव्हती. संताप आला त्यातला निम्मा माझ्यावरचाच होता.

शेजारच्या खाचरात झोडणी चालली होती. तिथून एका बाईंनी हाक दिली, "काय झालं वो?"

"टायर फाटला."

"मग दुसरं चाक लावा की!"

"दुसरं नाहीच आहे."

पदराने तोंड पुसत त्या बांधावर आल्या. जनाबाई त्यांचं नाव, वय साठीच्या पुढे. त्यांनी गाडी पुढून मागून न्याहाळली. "एवढी थोरली गाडी आन् दुसरं चाक न्हाई? आमच्या पुतन्याच्या टेम्पोला बी असतंय की वो!"



काचेवर मदतीचा नंबर चिकटवलेला होता. रेंजसाठी टेकाडावर चढले. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, "मॅम, जवळचा लँडमार्क सांगाल का?" मी म्हणाले, "तोरणा किल्ला मागे राहिला, पासलीच्या पुढे आहोत." ती म्हणाली, "मॅम, तो मॉलच्या अलीकडे का पलीकडे?" तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नसणार की गाड्या मॉल नसलेल्या ठिकाणीही जातात. शेवटी कळलं की गाडी उचलून न्यायला माणूस येईल, पण संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागेल.

जनाबाईंचा पुतण्या भाताची पोती घेऊन वेल्ह्याला निघाला होता. त्याच्या टेम्पोत फाटलेलं चाक टाकून बबनराव गेले. मी बांधावर बसले. जनाबाईंनी तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कुळथाचं घट्ट पिठलं पुढे केलं. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, "रागानं प्वॉट भरत न्हाई बाई." जेवले. जेवता जेवता त्यांचा डावा खांदा वर जात नाही हे माझ्या लक्षात आलं. झाडाच्या बुंध्याला हात टेकवून करायचे दोन व्यायाम शिकवले. त्या दिवसात माझ्या हातून झालेलं धड काम ते एवढंच.

अडीच तासांनी बबनराव आले. वेल्ह्यातल्या पंक्चरवाल्या सिद्धार्थने चाकाला आतून जुन्या टायरचा तुकडा लावला होता (याला गेटर म्हणतात) आणि वर ट्यूब टाकून दिली होती. निरोप होता: चाळीसच्या पुढे पळवू नका, आणि पुण्यात गेल्यावर टायर बदला. कोट्यवधींच्या कारखान्याने जे दिलं नव्हतं, ते त्या पत्र्याच्या टपरीने दिलं. मजुरी त्याने इतकी कमी सांगितली की मला लाज वाटली.

चाळीसच्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न खात, आम्ही दिवे लागणीला शोरूममध्ये पोचलो. मॅनेजर बाहेर आले, वाकून टायर बघितला आणि मला नाही, बबनरावांना म्हणाले, "नवीन टायर तुमच्या पगारातून कापला जाईल. नियम माहीत आहे ना?"

"गाडी मी चालवत होते," मी म्हणाले. "टायरचे पैसे मी देईन. पण आधी मला दाखवा, तुमच्या या कागदावर स्टेपनी नाही असं कुठे लिहिलंय? इंजिन वेगळं आहे असं कुठे लिहिलंय?"

विक्रेता पुढे झाला. "मॅडम, मी सगळं एक्स्प्लेन केलं होतं. तुमच्या लक्षात नसेल."

मी तोंड उघडणार, एवढ्यात बबनराव बोलले. आवाज चढवला नाही, पण आत सोफ्यांवर बसलेल्यांना ऐकू गेलं. "न्हाई साहेब. मॅडमला कुनी सांगितलं न्हवतं. म्या सांगितलं, आज, घाटात. बाई मानूस एकली त्या रस्त्यानं जायची. माझ्या लेकीला म्या ही गाडी बिनचाकाची दिली नसती."

सोफ्यावर एक नवरा-बायको कागदांवर सह्या करायच्या बेतात होते. बायकोने पेन खाली ठेवलं, उठली, शेजारी उभ्या असलेल्या चकचकीत गाडीची डिकी उघडली आणि तळाची फळी उचलली. मग तिने नवऱ्याला हाक मारली.

मॅनेजरांचा आवाज एकदम मऊ झाला. मला आत बसवलं, कॉफी मागवली. टायरचं राहू द्या म्हणाले, बुकिंग रद्द करून घेतलं. बबनरावांना त्रास होणार नाही असा शब्दही दिला. तो मी खरा मानला.

पुढे मी दुसरीकडून गाडी घेतली. कमी चकचकीत, जरा जोरकस, पाचवं चाक असलेली. आता दर बुधवारी आणि शनिवारी तिकडे जाते. जनाबाईंचा हात डोक्याच्या वर जातो.

महिन्याभराने बबनरावांना फोन केला. त्यांना गाड्या चालवण्याच्या कामावरून काढून मागच्या अंगणात गाड्या धुवायला लावलं होतं. पगार तोच, म्हणून तक्रार कुठे करणार? मी मॅनेजरांना भेटायला गेले. ते म्हणाले, "वय झालं त्यांचं. त्यांच्याच सोयीसाठी केलंय." मी भांडले. उपयोग झाला नाही. बाहेर पडताना बबनराव पाइप हातात धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, तुमी मनाला लावून घेऊ नका. पानी गार असतंय, पन झोप लागती."

त्यांना झोप लागते हे ऐकून बरं वाटलं. पण चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला, एक खरं वाक्य बोलला म्हणून, उभ्या गाड्या पुसायला लावतात, याचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही.