मास्तरांच्या अंगणातल्या पणत्या

अंबाजोगाईतले आमचे शेजारी मास्तर दरवर्षी घरीच ‘गर्भातली लेक वाचवा’ दिवस पाळतात. तिन्ही मुली अंगण झाडतात, पणत्या लावतात, घोषणा देतात. मुलगा तेवढा खुर्चीत बसून पेढे खातो, कारण त्याला चटका बसेल. ‘पोटातला जीव बी माणूसच हाय, कळलं का रे?’ हे मास्तर जमलेल्या प्रत्येकाला अगदी मनापासून बजावतात.

गेल्या वर्षी माझी लेक सातव्या महिन्यात पोटातच गेली. म्हणून यंदा तिच्यासाठी एक पणती घेऊन मीही गेले आणि ओळीच्या शेवटी ठेवली. मास्तरांनी ती अलगद उचलून माझ्या हातात परत दिली.

‘वहिनी, तुमी तर शिकल्या-सवरलेल्या. जी जल्मलीच न्हाई, तिची कसली पणती?’