भाऊजींनी पाहिलेले पिक्चर

त्या दिवशी भाऊजी चहाच्या सुट्टीतच कारखान्यातून उठून निघाले. डब्याची पिशवी खिळ्याला तशीच लटकत राहिली. हात धुतले नाहीत, अंगावरचा भुसा झटकला नाही, कुणाला जातो म्हणाले नाहीत. फाटकातून बाहेर पडले आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. थोडं पुढं लाकडाची वखार आहे, तिथून एक टेम्पो फळ्या भरून उलटा बाहेर येत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, वखारीतला माणूस ओरडला. रस्त्यावरच्या सगळ्यांना वाटलं आता हे थांबतील. ते काही थांबले नाहीत. ड्रायव्हर नंतर पोलिसांना एकच सांगत होता, साहेब, माणूस सरळ चालत आला हो, टेम्पो तिथं नसल्यासारखा. आणि तो खोटं बोलत नव्हता. भाऊजींसाठी टेम्पो तिथं नव्हताच.

ताई त्या वेळी घरी मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसली होती. शेजारचा सांगायला आला, म्हणाला थोडं लागलंय, चला. ताईनं सुई वर घेतली, दोरा तोडला, अर्धवट अभ्रा घडी करून ठेवला आणि मग उठली. नंतर तिला त्या घडीचाच राग यायचा. म्हणायची, एवढा वेळ होता का माझ्याकडं. पण लवकर गेली असती तरी काही फरक पडला नसता. भाऊजी रस्त्यावरच गेले होते.

आता हे कशामुळं झालं ते सांगायचं तर आधी पिक्चरचं सांगावं लागेल.

भाऊजी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचे. लाकडावर असा रंग चढवायचे की गिऱ्हाईक आधी हात फिरवायचं आणि मग किंमत विचारायचं. कामाशिवाय दुसरा एकच नाद, पिक्चर. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत, पण रविवारी थेटर चुकायचं नाही. ताई लग्न होऊन आली तेव्हा सासू तिला म्हणाली होती, तुला सवत आहे बरं का, पडद्यावरची.

कारखान्यात ह्यांची एक पद्धत होती. सोमवारी चहाला सगळे जमले की ज्यानं रविवारी पिक्चर पाहिला त्यानं तो सांगायचा, आणि सांगून झाला की समोरच्या फळीवर ठोके द्यायचे. पाच ठोके म्हणजे झकास. एक ठोका म्हणजे पैसे पाण्यात. नुसतीच फळी पुसली तर समजायचं गडी मध्येच उठून आलाय. मग बाकीचे वाद घालायचे, हा म्हणणार हिरॉईन लाकडासारखी उभी होती, तो म्हणणार लाकडाला नावं ठेवू नको, आपलं पोट आहे त्यावर. भाऊजींचे ठोके शेवटचे असायचे. ते ठोकले की चहा संपला.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी बाजूनं आलेला माणूस दिसेना, कपाटाच्या कोपऱ्याला खांदा लागायला लागला. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, उशिरा आलात, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. औषधाचे थेंब घालत होते, तरी उरलेलीसुद्धा टिकेना. शेवटी शेवटी समोर चमच्याएवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. पण गंमत अशी की त्या चमच्यात समोरच्या माणसाचा चेहरा बरोबर यायचा, त्यामुळं कुणाला शंका येत नसे. भाऊजी तोंडाकडं बघून बोलायचे, हसायचे. शेजारी कोण उभं आहे ते मात्र त्यांना माहीत नसायचं.

त्यांनी ताईला शपथ घातली की हे घराबाहेर जायचं नाही. कारण कारखान्यातला लाकडावर नक्षी कोरणारा जुना कारागीर, हात थरथरायला लागले म्हणून मालकानं त्याला घरी बसवला होता, हार घालून, फोटो काढून. तो माणूस वर्षात गेला. भाऊजी म्हणाले, घरी बसलो की मी पण संपलो, तू हे ध्यानात धर. मग त्यांनी स्वतःहून मालकाला सांगितलं की पॉलिशच्या वासानं डोकं चढतं, मला घासकाम द्या. घासकाम म्हणजे पॉलिश पेपरनं लाकूड गुळगुळीत करायचं. त्याला डोळे लागत नाहीत, तळवा लागतो. पॉलिशला त्यांच्या जागी नवा माणूस आला.

पिक्चर मात्र बंद झाले नाहीत. बंद केले असते तर सोमवारी काय सांगणार? रविवारी दुपारी दोघं जायचे, मागच्या रांगेत कोपऱ्याला बसायचे आणि ताई त्यांच्या कानात सगळा पिक्चर सांगायची. आता दार उघडलं. आता ती रागानं बघतीये. साडी हिरवी आहे, स्वस्तातली दिसतीये. ह्याच्या हातात चाकू आहे पण तिला माहीत नाही. भाऊजी म्हणायचे, हिरोचं नाक मला दिसलं, बाकीचा हिरो तू दे. लोक वैतागायचे. एकदा पुढची बाई वळून म्हणाली, अहो आम्हाला दिसतंय. तर मागून एक म्हातारा म्हणाला, मला नाही समजत, तुम्ही सांगा, जरा मोठ्यानं सांगा. त्या दिवशी घरी येईपर्यंत दोघं हसत होते.

पण ताईनं एक केलं. पिक्चरचा शेवट वाईट असला की ती तो बदलायची. आधी एकदा सहज झालं. एका पिक्चरमध्ये म्हातारी एकटी मरते, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, तर भाऊजी चार दिवस जेवले नाहीत धड. आपण डोळ्यांनी बघणारे बाहेर पडलो की भाजीवाला बघतो, भिंतीवरची पोस्टरं बघतो, दहा गोष्टी बघून विसरतो. ह्यांना आतला पिक्चर बंदच करता येईना. म्हणून मग ताईनं म्हाताऱ्या जगवल्या. पळून गेलेली पोरं घरी आणली. जिथं लग्न मोडलं तिथं लावलं. पडद्यावर चिता जळायची आणि ही कानात सांगायची, बरा झाला, दवाखान्यातून सोडला. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणायची, कुणाच्या घरचं काय जातंय?

त्या रविवारचा पिक्चर एका ड्रायव्हरच्या पोराचा होता. पोरगा गर्दीत हरवतो आणि बाप सगळं शहर पालथं घालतो. सगळा पिक्चर शोधण्यातच जातो. आणि शेवटी पोरगा नाल्यात सापडतो, मेलेला. थेटरातली सगळी माणसं रडत होती, ताई पण रडत होती. भाऊजींनी तिचा हात दाबला, म्हणाले, काय झालं, सापडला का? ती म्हणाली, सापडला. नीट आहे? ती म्हणाली, नीट आहे, बापाच्या खांद्यावर बसून घरी चाललाय. भाऊजींच्या पण डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, चांगला केलाय पिक्चर.

सोमवारी ते डबा घेऊन कामावर गेले, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

ते का उठले, हे ताईला माहीत नव्हतं. लोक भेटायला यायचे, बसायचे, जायचे. ती सगळ्यांना एकच विचारायची, ते दुपारचे घरी का येत होते? बरं नव्हतं का? कुणी काही सांगितलं नाही. मग एक दिवस कारखान्यातला सुतार आला, भाऊजींचा दोस्त. उंच आहे म्हणून सगळे त्याला लंबूच म्हणतात. डब्याची पिशवी घेऊन आला होता. डबा घासून आणला होता. पिशवी मांडीवर ठेवून बसला, पाणी प्यायला, आणि जमिनीकडं बघत सांगायला लागला.

त्या सोमवारी भाऊजींनी पिक्चर सांगितला, छान रंगवून सांगितला. पोरगा बापाच्या खांद्यावर बसून घरी जातो म्हणाले आणि फळीवर पाच ठोके दिले. नव्या पॉलिशवाल्यानं तोच पिक्चर त्याच रविवारी पाहिला होता. तो म्हणाला, काय सांगताय, पोरगा मरतो, नाल्यात मिळतो. भाऊजी म्हणाले, मी स्वतः बसलो होतो तिथं. तो म्हणाला, मग झोपला होतात. लंबूनं त्याला पायानं ढोसलं, दुसऱ्यानं डोळे मोठे केले, पण गडी नवा, त्याला इशारा कळेना. तो म्हणाला, तुम्ही थेटरात गेलाच नाहीत, बाहेरचं पोस्टर बघून आलात. एवढं वय झालं, थापा कशाला मारता?

भाऊजींनी मग लंबूकडं तोंड केलं. शनिवारी लंबू पण तोच पिक्चर बघून आला होता, ते त्यांना माहीत होतं.

"ते मला म्हणाले, लंबू, तू पाहिलास ना, सांग ह्याला," लंबू म्हणाला. "आणि वहिनी, मी काही बोललोच नाही. हो म्हणायचं का नाही म्हणायचं हेच मला सुचेना. मी चहा पीत बसलो. ते थोडा वेळ वाट बघत होते. मग म्हणाले, असं होय. आणि उठले. मला वाटलं मोरीकडं चाललेत."

ताईनं त्याच्या मांडीवरची डब्याची पिशवी उचलून घेतली. मग म्हणाली, "त्यांनी थाप मारली नाही. शेवट मी सांगितला होता. त्यांना दिसत नव्हतं."

लंबू म्हणाला, "माहीत आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. पॉलिश होऊन वाळत ठेवलेल्या एका खुर्चीचे पाय भाऊजींनी पुन्हा घासायला घेतले होते, तेव्हा ह्या लोकांना कळलं. मालक यायच्या आत तिघांनी मिळून त्या पायांवर पुन्हा पॉलिश चढवलं. तेव्हापासून त्यांच्या पुढ्यात काम नेऊन ठेवायचे, वाटेतल्या फळ्या उचलायचे. संध्याकाळी लंबू गुडघ्याचं निमित्त करून त्यांचा दंड धरायचा आणि वखार ओलांडून, रस्ता ओलांडून द्यायचा. भाऊजी त्याला म्हणायचे, लेका, तुझे गुडघे माझ्या आधी गेले. पिक्चरचे शेवट वेगळे यायचे ते पण त्यांना कळायचं, कुणीतरी पाहिलेला असायचाच. पण कोण बोलणार? नव्याला तेवढं सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता राहिलं.

"मग मला का नाही सांगितलंत?" ताई म्हणाली. "त्यांना एकटं सोडू नका म्हणून मी पाया पडले असते तुमच्या."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत, वहिनी?"

चहा कुणी केला नाही. जाताना लंबू म्हणाला, नवा पॉलिशवाला कामावर येतो पण कुणाशी बोलत नाही. आणि मालक सगळ्यांना सांगत सुटलाय की म्हातारा चेष्टा सहन करणाऱ्यातला नव्हता, थाप पकडली गेली म्हणून रागात रस्त्यावर गेला.

ते शेवटचं ताईला लागलं. मेलेल्या माणसाला रागीट म्हणा, आंधळा म्हणा, काही म्हणा, तिनं ऐकलं असतं. थापाड्या म्हणू नका. सगळ्या जन्मात त्या माणसानं गिऱ्हाईकाला सागाच्या नावाखाली दुसरं लाकूड पॉलिश करून दिलं नव्हतं. आणि तिला आत दुसरंच खात होतं. असं होय म्हणाले, म्हणजे त्यांना कळलं. ह्या एका पिक्चरचं नाही, सगळ्याच पिक्चरचं कळलं असणार, एका क्षणात सगळ्या म्हाताऱ्या मेल्या असणार त्यांच्या. ते घरी तिला ओरडायला येत होते का? का नुसतं विचारायला येत होते, बाकीचे पण का गं? तिनं हे कितीदा विचारलं असेल, आरशाला, भिंतीला. आता कोण सांगणार?

शपथ मोडायची की नाही ह्यावर ती दोन दिवस नुसती बसून होती. मशीनवर कापड तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं धुतलेली साडी नेसली आणि चहाच्या सुट्टीला कारखान्यात गेली. वखारीसमोरून जाताना मान वर केली नाही. आत सगळे फळीभोवती बसले होते. मालकही उभा होता, हातात ग्लास. तिला बघून सगळे उठले. ती म्हणाली, बसा.

भाऊजींना दिसत नव्हतं, हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, थेटरात ती कानात कशी सांगायची ते सांगितलं, शेवट ती बदलायची ते पण सांगितलं. आवाज चढला नाही, रडली नाही. नव्या पॉलिशवाल्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही खरं बोललात. ते पण खरंच बोलले. पोरगा जिवंत आहे हे मी सांगितलं होतं त्यांना." तो माणूस उभाच होता. हाताला रंग लागलेला, तो दुसऱ्या हातानं खरवडत राहिला, रंग निघेना, तरी खरवडत राहिला.

मालक म्हणाला, "वहिनी, एवढं होतं तर मला सांगायचं. मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतं का?"

मालकानं ग्लास तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता, तरी त्यानं तो तसाच तोंडाला लावून धरला. ताईनं पदर सारखा केला आणि बाहेर आली.