सतरंजीचं दुसरं टोक

शाळेची झाडलोट मावशींकडे होती. झाडू कोपऱ्यातून बाहेर ओढायचा, कोपऱ्यात ढकलायचा नाही, हा त्यांचा दंडक. हाताखालच्या बाईने वरवर झाडू फिरवला तर मावशी तिला बोलत नसत. तिच्यादेखत तीच खोली पुन्हा झाडत. बोलण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

शाळा धर्मसंस्थेची. मावशी त्या धर्माच्या नव्हत्या. तरी पहिल्या तासाला प्रार्थनेच्या खोलीत सतरंज्या अंथरायच्या त्यांनीच, आणि धर्मपाठ संपला की गुंडाळून बाकं मांडायची. एवढं करून त्यांच्या नातीला मात्र तिथे प्रवेश नव्हता. तो फक्त त्या धर्माच्या मुलांना. नात लांबच्या शाळेत जायची, ट्रकांची वर्दळ असलेला हमरस्ता ओलांडून. ती घरी येईपर्यंत मावशींचा जीव टांगणीला.

मग सरकारी अनुदानाची गोष्ट निघाली. अट अशी, की प्रवेश सगळ्यांना खुला हवा आणि धर्मपाठ शाळेच्या वेळेबाहेर, ज्याला हवा त्याच्यापुरता. धर्मपाठाच्या गुरुजींना त्यातून पगारही मिळणार नव्हता. संस्थेचं मंडळ निम्मं इकडे, निम्मं तिकडे. गुरुजी मंडळावर होते. ते झुकतील तिकडे निकाल.

गुरुजी तिरसट. पण मावशींशी त्यांचं जमायचं, कारण चुकारपणा दोघांनाही खपत नसे. बैठकीच्या दिवशी मावशी सतरंजी गुंडाळायला लागल्या, तर ते दुसरं टोक धरून उभे राहिले.

"मावशी, तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. मावशींनी सतरंजी खाली ठेवली.

"मला विचारू नका, गुरुजी. मला माझी नात इथे हवीय. तुमचा तास गेला तरी हवीय. वाईट वाटेल, पण हवीय."

"खोटं तरी बोलायचंत," गुरुजी म्हणाले आणि बैठकीला गेले. तिथे त्यांनी हात वर केला तो अनुदानाच्या बाजूने. का, ते कुणाला सांगितलं नाही. ज्या पोराला शिकायचंय ते लवकर उठून येईल, एवढंच म्हणाले.

नवीन वर्ष सुरू झालं. नातीचं नाव पटावर लागलं. पहिल्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. सतरंज्या आता त्यांचं काम नव्हतं. हेडमास्तरांनी तसं बजावलंही होतं. खोलीत गुरुजी गुडघ्यांवर बसून एकटेच सतरंजी ओढत होते. एका बाजूला ती भिंतीवर चढलेली, दुसऱ्या बाजूला फरशी उघडी. चार-पाच पोरं दारात हसू दाबत उभी.

मावशींनी चपला काढल्या.

"हे तुमच्या कामात बसत नाही," गुरुजी मान वर न करता म्हणाले.

"माझी वेळ अजून सुरू कुठे झालीय? सरका. आधी मधली सुरकुती, मग कोपरे."

गुरुजींना त्यांनी एक टोक धरायला लावलं. ते वाकडं गेलं, तेव्हा पुन्हा उचलायला लावलं. सतरंजी भिंतीशी सरळ बसली तशा त्या झाडू घेऊन फाटकाकडे निघाल्या. नात यायच्या आत पायऱ्या झाडून व्हायला हव्या होत्या.