आर्डिसचा थांबा

आर्डिस लुंडक्विस्टची उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना आग्रहाने वाढण्यात गेली. मिनिआपोलिसच्या कडेला, धान्याच्या जुन्या कोठारांमागे, चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत ती राहायची. घर ज्याचं त्याचं. घराखालची जमीन मात्र हॅलव्हर्सनची, भाड्याने. त्या जमिनीकडे कुणी ढुंकून पाहत नसे, म्हणून तर ही माणसं तिथे टिकून होती.

तिचा नवरा मर्लिन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाई. दोन बस बदलायच्या, मध्ये उघड्यावर गारठत उभं राहायचं. परतताना तो इतका गळून जाई, की बसथांब्याच्या बाकावरून त्याला उठवावं लागे. नवी रेल्वे वसाहतीशेजारून जाणार पण थांबणार नाही, असं कळलं आणि आर्डिसने कंबर कसली. नगरसभेच्या प्रत्येक बैठकीला ती लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन हजर.

"आर्डिस, आज वड्या की भाषण?" महापौर विचारायचे.

"भाषण ऐकल्याशिवाय वडी नाही."

शेजारची डोरीन तिच्याबरोबर सह्यांसाठी दारोदार हिंडली. बऱ्याच वर्षांनी थांबा मंजूर झाला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर खुर्च्या टाकून जेवण केलं. मर्लिनने चक्क दोनदा वाढून घेतलं.

रूळ पडायच्या आधीच जमीन मोजणारे आले. पाठोपाठ हॅलव्हर्सन, टोपी हातात धरून.

"तुमच्यामुळेच झालं हे, आर्डिस. स्टेशनला लागून म्हणजे इथे आता पाच मजली इमारती होणार. जमीन ठेवली असती, पण भाव चढल्यावर तिच्यावरचा करच मला झेपायचा नाही. विकावीच लागतेय."

"आणि आम्ही?"

"घर तुमचंच आहे की. घेऊन जा."

तो मनापासून बोलत होता. वाईट माणूस नव्हता तो.

घरं हलवणाऱ्याने खाली वाकून बॅटरी मारली. सांगाडा गंजलेला, उचलला तर मधोमध मोडणार. आणि न मोडता निघालं, तरी इतकं जुनं घर दुसरी कुठलीच वसाहत आत घेत नव्हती.

डोरीन सामान बांधत होती. "सही माझीही आहे, नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आपण कुणाच्या नजरेत नव्हतो, तेच बरं होतं. तू सगळ्या गावाला बोलावून दाखवलंस."

आर्डिसने तिच्या खोक्याला दोरी बांधून दिली.

परवडणारी खोली मिळाली ती दूर, मक्याच्या शेतांमधल्या गावात, एका गॅरेजच्या वर. तिथे बसच नव्हती. रुग्णांना नेणारी गाडी उजाडायच्या आत यायची, गावोगावची माणसं गोळा करत शहरात पोचायची आणि तशीच परतायची.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी मर्लिनने एक बूट चढवला, जरा वेळ बसला, आणि काढून ठेवला.

"आज नको."

"परवाही नाही गेलास, मर्लिन."

"आता जाणारच नाही. सगळा दिवस रस्त्यात जातो, आर्डिस. उरलेत ते तरी बसून घालवू दे."

खाली हॉर्न वाजला. आर्डिस कोट न घालताच जिना उतरली.

"येतोय का?" चालकाने काच खाली करून विचारलं.

"नाही."

"मग परवा येऊ?"

तिने वर खिडकीकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली.

गाडी एका दमात वळली. वळायला जागा भरपूर होती.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच मर्लिन गेला.